दोनशे तमाल

सॅन अँटोनियोतली रविवारची मिस्सा आटोपून ओफेलिया मक्याच्या पानात उकडायच्या तमालांसाठी दुकानात पिठाच्या रांगेत उभी राहिली. ओठांवर अजून स्तोत्र होतं, तोच पुढच्या मायलेकींपैकी लेक कडाडली.

"दोनशे तमाल? आई, मी कंपनीत विभागप्रमुख आहे, आचारी नाही!"

"अगं, कंपनीचा मेळावा तुम्हा लॅटिन अमेरिकी बायकांच्याच बढतीसाठी ना? साहेबानं प्रेमानं सांगितलं असेल."

"प्रेमानं! माझ्या हक्काचं उपाध्यक्षपद मीच शिकवलेल्या पोराला दिलं. मेळाव्यात भाषणही तो पोरगाच ठोकणार. वर साहेब मला म्हणतो, 'रेमेदिओस, तुझ्या आईच्या हातची चव येऊ दे.'"

"असं म्हणाला मेला? म्हणजे तू शिकावंस म्हणून मी वीस वर्षं लोकांच्या फरश्या पुसल्या, त्या याच्यासाठी?"

"बाई, पीठ किती देऊ?"

"घरच्यापुरतं दे. आणि रेमे, त्या साहेबाला सांग, माझ्या आईनं विचारलंय, 'तमाल करायला तुझी आई काय आजारी आहे?'"