बसतात अकरा, चालतात तीन

...न्हाई न्हाई, तुमी मला सांगा, एक ओळ लिवायला माणसाला किती दिवस लागावेत? पान न्हाई, पुस्तक न्हाई, ओळ! मला चाळीस दिवस लागले, चाळीस! आन् त्याच ओळीपायी मी आज ह्या पोखर्णीच्या फाट्यावर उन्हात उभा हाय, पायात लग्नातले बूट, बगलेत फाइल, आन् अकराच्या आत परभणीत पोचलो न्हाई तर गेली नौकरी! तुमीबी एसटीचीच वाट बघायलात ना? मंग ऐका. ती काय एवढ्यात येत न्हाई, आन् मला कुणाला तरी सांगितल्याबिगर चैन पडणार न्हाई.

मी जीवन. ऑटोवाल्या रामहरीचा पोरगा. कॉम्प्युटर शिकलो आन् दोन वर्षं घरी. घरी म्हणजे कसं, आमची माय कस्तुराबाई, दारात कुणीबी येऊ द्या, चहाच्या आधी तेच सांगती, "शिकलाय लय, पण बसून हाय माय!" मी तिथंच बसलेला असतो हो! तर तुमाला सांगतो, परभणीत योगीराज सर म्हणून हायत, त्यांचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस. गेलो फाइल घिऊन. ते फाइल उघडंनात बी. म्हणले, "सर्टिफिकेटं सगळ्यांकडे असतात, जीवन. ती फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आहे ना, जगभरातले लोक मिळून बनवतात ती? तिच्या माहितीच्या पानांवर तुझी एक ओळ आण. तुझ्या नावानिशी. खुर्ची तुझी."

एक ओळ! मला वाटलं, संध्याकाळच्या भाकरीच्या आत उरकून टाकू.

आता ओळ कशाची, ते ऐका. कॉम्प्युटरात वायफायचं कार्ड असतंय, बिगर वायरचं इंटरनेट घेतंय ते. ह्या कार्डाला लिमिट असतंय. फ्रिक्वेन्सी म्हणतात, खाली इथून, वर इथपर्यंत, त्याच्या पल्याड जातच न्हाई. रेडिओचा काटा टोकाला जाऊन कसा अडतोय, तसं. तर कोणत्या कार्डाचं लिमिट किती, हे कुणी नीट लिवूनच ठिवलं न्हवतं. मी आमच्या घरचं कार्ड तपासलं आन् लिवलं, 'या कार्डाची मर्यादा चोवीसशे ते पंचवीसशे मेगाहर्ट्झ.' दिलं पाठवून. झालं की! काय राहिलं?

न्हाई झालं! तिकडं एक तपासणारा हाय, परदेशात कुठं बसतोय. त्याचं नाव माह्या जिभंला वळत न्हाई, म्हणून मी त्याला व्यंकटराव म्हणतो. आमच्या गल्लीत व्यंकटराव म्हणून हायत, पोराच्या लग्नाची पत्रिका नेऊन दिली की आधी लाल पेन काढतात, हुबेहूब तोच नमुना! त्याचं उत्तर आलं, लय गोड, "प्रिय जीवन, आपल्या योगदानाबद्दल आभार. परंतु मर्यादा म्हणजे कोणाची? यंत्राची की कायद्याची?"

आता त्याचं बी बरोबर हाय म्हणा. कार्डाला जमतंय तेवढं सगळं वापरायला सरकार कुठं मोकळं सोडतंय? परत्येक देशाचा कायदा त्यातला एक तुकडा देतो, एवढ्यातच बोला म्हणतो. मी तसं लिवलं. आठ दिवसांनी उत्तर, "प्रिय जीवन, फार लांबले." कमी केलं. "प्रिय जीवन, आता संदिग्ध झाले." वाढवलं. "प्रिय जीवन, वाचणाऱ्याला दोन मर्यादांतला फरक समजत नाही." आन् पाचव्या बारीला काय म्हणला असंल? "प्रिय जीवन, ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली आहे." रिकामी जागा! डोळ्याला दिसत न्हाई अशी! परदेशातून त्याला ती दिसली, आन् दोन वर्षं मी बसून हाय ते कुणाला दिसंना?

आवो, ओळ एकच होती!

त्या दिवशी बाबा जेवायला बसले व्हते. म्हणले, "काहून डोकं धरून बसलास?" मी सांगितलं सगळं. कार्ड, कायदा, व्यंकटराव. बाबांनी कांदा फोडला बुक्कीनं, एक फोड तोंडात टाकली आन् म्हणले, "हे तर आपल्या ऑटोवानी हाय. पासिंग तीनचं, बसतात अकरा. बसतात किती ते येगळं, चालतात किती ते येगळं. एवढं त्या मानसाला कळंना?" आन् मायीला म्हणले, "वाढ गं थोडं वरण."

मी तर बघतच राहिलो! चाळीस दिवसांत मला जमलं न्हाई ते ह्या माणसानं भाकरीच्या दोन घासांत सांगितलं. तरी बी माहं डोकं फिरलेलंच व्हतं. तसाच उठलो आन् व्यंकटरावाला रागारागात मेल लिवला, 'अहो, पोखर्णीत रामहरीचा ऑटो आहे. कायद्याने चालतात तीन, आत बसतात अकरा. बसतात ती यंत्राची मर्यादा, चालतात ती कायद्याची. आता तरी समजले का?' पाठवला. आन् मंग घाम फुटला. म्हणलं, गेली खुर्ची. परदेशातल्या माणसाला आपण ऑटो दाखवून बसलो.

दुसऱ्या दिवशी उत्तर. "प्रिय जीवन, हेच हवे होते. हे जसेच्या तसे घेतो."

जसंच्या तसं! इंग्लिशमधी, खाली माहं नाव, आन् मधी रामहरी! पोखर्णी! तीन आन् अकरा! मी बाबांना दाखवलं, "हे तुमचं नाव, बाबा, सगळ्या जगात गेलं." बाबांना इंग्लिश येत न्हाई, पण त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं, दोनदा. आन् खरं सांगतो, मला लय भरून आलं.

इथपर्यंत सगळं झकास! इथं थांबायला काय झालं व्हतं? पण बाबांनी काय केलं... मला न इचारता ते पान छापून आणलं, प्लॅस्टिक चढवलं, आन् लावलं ऑटोच्या समोरच्या काचेवर! नरसिंहाच्या फोटोच्या बाजूला! वर झेंडूचा हार! चार दिवस बसणाऱ्या-उतरणाऱ्याला दाखवत फिरले, "पोराचं लेखन हाय. मी बी हाय त्याच्यात."

पाचव्या दिवशी परभणीत एका हवालदारानं गाडी थांबवली. हवालदार तरणाच, शिकलेला, इंग्लिश वाचणारा. आमचं नशीब बघा, सगळ्या जिल्ह्यात माहं लेखन मन लावून वाचणारा एकच माणूस निघाला, आन् तो ट्राफिकचा! त्यानं वाचलं. मागं डोकावून मोजलं. परत वाचलं. आन् हात जोडून म्हणला, "काका, माझ्या नौकरीत लय चोर बघितले. कबुलीजबाब काचंला लावून, त्याला हार घालून फिरणारे तुमीच पयले!" बाबांनी त्याला सांगितलं, "जगात गेलंय ते साहेब!" तो म्हणला, "मंग जगाला कळलंय तर मी कसं न्हाई म्हणू?" लिवून घेतलं बाबांकडून. तीनच्या वर एक डोकं दिसलं तर गाडी जमा. आठ सीटं तिथंच उतरवली, भर चौकात!

तेव्हापासून बाबा माह्याशी बोलंनात. पान काढलं न्हाई हां काचेवरचं. निस्ता हार काढला.

आन् आज माहा जॉइनिंगचा दिवस! सर म्हणले, अकराला ये, एक मिनिट उशीर करू नको, दुसरं पोरगं दारात बसलंय. मी बूट घालून ऑटोपाशी गेलो, तर आत तीन सीटं आधीच. चांगुणाबाई, तिची सून, आन् एक पाव्हणा. म्हणलं, "बाबा, जरा सरकून बसतो." बाबा समोर बघत म्हणले, "तीन झाले." म्हणलं, "आवो मी हाय! तुमचा जीवन! नौकरीचा पयला दिवस हाय माहा!" तर चांगुणाबाई सरकायलाबी लागली बिचारी. बाबांनी हात केला, "बस गं तू जाग्यावर." आन् माह्याकडं वळून म्हणले, "बसतात अकरा, चालतात तीन. तूच लिवलंस." किक मारली आन् गेले!

माह्याच ओळीनं मला उतरवलं हो! एकच ओळ होती!

...थांबा थांबा, धूळ उडायली तिकडं. एसटी हाय का? न्हाई, ऑटोच हाय. दुसऱ्या गावचा दिसतोय. किती हायत आत... नऊ... दहा... दांडीला धरून अकरा... ओ दादा! ओ! थांबवा! परभणी, परभणी! आवो जागा न्हाई कसं म्हणता, एक पाय ठिवतो निस्ता! हसू नका, सरका... आई शप्पथ सांगतो, कुठंच लिवणार न्हाई!