नळावरचे प्रयोग

जमलेल्या मायबहिणींनो, भावांनो,

गुरुजींनी मला बजावलंय, गणपत, माइकवर शुद्ध बोलायचं. जमेल तेवढं बोलतो. नाही जमलं तर आपली भाषा आहेच. वासू गेला, आज तेरवी झाली, आणि त्याच्याबद्दल बोलायला मला उभं केलं. काय बोलू? लहानपणापासून आमची भिंतीला भिंत. त्याची आठवण येते, हे खरं. पण त्याच्याहून खरं सांगू? मला राग येऊन राहिला त्याचा. असं मधेच उठून जातात का बे कोणी?

आणि हा राग काही आजचा नाही. या गल्लीतल्या एकूण एक माणसाचा त्याच्यावर राग आहे. मागे बसलेले, हसू नका! तुमच्याही घरी तेच झालंय.

बाहेरगावचे पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. वासूचं बाजारात रेडिओ-कूलर दुरुस्तीचं दुकान. मी पत्र्याचं काम करतो, कूलरचे डबे बनवतो. तर एका वर्षी त्याच्या बायकोचे, सुमनवैनीचे, हात फुटले. वैनी समोरच बसल्या आहेत. बोटं अशी चिरली होती, की पोळी तोडताना रक्त यायचं. भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणाला, राख बंद, सोडा बंद, खरकट्या पाण्यात हात घालायचा नाही, नाहीतर हे हात कामातून गेले समजा. वासू घाबरला. बाई लावली. रोवणी सुरू झाली तशी ती बाई सिहोऱ्याकडे कुणाच्या बांधीत धान रोवायला गेली, ती काही परत आली नाही.

मग घरात भांडे घासायला उरलं कोण? वासू उरला. पण आपल्या गल्लीतला नळ कुठं आहे? रस्त्यावर. येणारा-जाणारा पाहतो. मला म्हणाला, "गणपत, लोक काय म्हनतीन बे? चार लोकांत उठबस आहे माही."

म्हणून या बहाद्दरानं ठरवलं, भांडे घासायची मशीन बनवायची. घरचे भांडे घासायची लाज वाटते म्हणून अख्खी मशीन बनवणारा माणूस तुम्ही पाहिला का कुठं? मी पाहिला. अन् त्याच्या नादी लागणारा मूर्खही पाहिला. रोज आरशात पाहतो.

कुठल्याशा विलायती मासिकात त्यानं फोटो पाहिला होता. पेटीत ताटं उभी, बटन दाबलं की काम खलास. पेटी मी केली, कूलरच्या पत्र्याची. पंपही कूलरचाच. मी म्हटलं, झाली मशीन. तो म्हणतो, "कशाची झाली? हे तं हातपाय झाले. डोकं कोठी आहे?" डोकं म्हणजे कंट्रोलर. आता पाणी घे, आता फवारा मार, आता घाण पाणी फेकून दे, हे मशीनला सांगणारं सर्किट. त्यासाठी नागपूरहून आयसी आणले, रिले आणले. लोकांचे रेडिओ दुकानात मुके बसले. गिऱ्हाईक शिव्या देऊन जायचे आणि हा आपला सर्किट जोडतोय!

पहिल्यांदा मशीन चालवली तो दिवस आठवतो. रिले टकटक वाजले, पाणी उडालं, आम्ही दोघं खूश. भाताचा गंज, म्हणजे पातेलं हो, बाहेर काढला, तर भात जसाच्या तसा बुडाला चिकटलेला. वैनींनी गंज फिरवून पाहिला. म्हणाल्या, "भिजत घातला होता का?"

वासू म्हणतो, "भिजत घालाव लागते?"

मंडळी, धानाच्या मुलखातला, तुमसरचा माणूस! जन्मभर दोन्ही वेळा भात खाल्लेला!

मग वैनीसमोर बसला. "किती वेळ भिजवतेस?"

"भात सुटेपर्यंत."

"मिनिटं सांग."

"मिनिटं भाताले माहीत. मले काय विचारता?"

"बरं, घासतेस किती?"

"साफ होईपर्यंत."

कपाळाला हात लावून माझ्याकडे आला. "गणपत, सर्किटले 'होईपर्यंत' समजत नाही बे!"

आता काय करणार? स्वतः घासून, घड्याळ लावून मिनिटं काढल्याशिवाय कंट्रोलर होणार नव्हता. आधी घरातच दार लावून बसला. खोलीत तळं झालं. मग आला नळावर. लग्नात सासऱ्यानं दिलेलं चाबीचं घड्याळ होतं, रोज सकाळी वैनी त्याला चाबी देऊन याच्या हातात द्यायच्या. ते घड्याळ समोर ठेवून वासू राखेनं ताट घासतोय आणि वैनी ओट्यावर बसून हुकूम सोडताहेत. "बुडाले लावा. बूड दिसत नाही का तुमाले?" रस्त्यानं कुणी गेलं की वासू मान वर करून ओरडायचा, "भांडे घासून नाही राहिलो, प्रयोग करून राहिलो!"

प्रयोग! या शब्दानं आमचं वाटोळं केलं. माझी बायको मंदा दुसऱ्याच दिवशी कढई माझ्यासमोर आपटून म्हणते, "वासूभाऊजी प्रयोग करून राहिले. तुमी कवा करता?" मीही बसलो नळावर. माझ्या मागून हे मागे बसलेले सगळे बसले. शेवटी शेवटी तर प्रयोगाला नंबर लावावा लागायचा.

पुढं कंट्रोलर तयार झाला. सगळ्यांना दाखवायला बोलावलं. बटन दाबलं, मशीननं पाणी घेतलं, भांडे भिजले, आणि लाइट गेली. लाइट आली तर मशीन विसरली, पुन्हा पहिल्यापासून भिजवायला लागली. पुन्हा गेली, पुन्हा आली, पुन्हा भिजवणं. रात्री सगळ्यांनी पत्रावळीवर जेवण केलं. वैनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. वासूनं हार मानली नाही. रेडिओचे सेल लावले, म्हणजे लाइट गेली तरी डोक्याच्या लक्षात राहील, आपण कुठं होतो. आणि मंडळी, एक दिवस मशीन चालली! खरंच चालली! वैनींनी गंजाच्या बुडावरून बोट फिरवलं. "साफ आहे," म्हणाल्या. ते बोट मी पाहिलं. एक चीर नव्हती त्याच्यावर. प्रयोगांच्या काळात वैनींनी राखेला हातच लावला नव्हता.

गल्लीतल्या माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. पण दुसऱ्या दिवशी वासू पुन्हा नळावर! काहून? तर म्हणे, सर्किटमध्ये अजून एक खोट आहे, मिनिटं पुन्हा काढायची आहेत. ती खोट वर्षानुवर्षं निघत राहिली. मशीनमध्ये उंदरांनी घर केलं, हा आपला नळावर. एकदा मी जवळ जाऊन पाहिलं, तर समोरचं घड्याळ बंद. म्हटलं, "वासू, घड्याळ बंद आहे तुहं."

म्हणतो, "हळू बोल बे. ती ऐकन."

तेव्हा मला समजलं. दुकान एके दुकान करणारा माणूस. नळावर बसायला लागल्यापासून ती दोघं बोलत होती, भांडत होती, हसत होती. मशीन झाली असं कबूल केलं असतं, तर ते संपलं असतं. वैनी, इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या नवऱ्याचं घड्याळ बंद होतं.

काय म्हणता वैनी? जरा जोरात बोला.

ऐकलं का मंडळी? मागे ऐकू नसेल आलं, मी सांगतो. वैनी म्हणतात, "चाबी मीच देत होती ना. मशीन चालली त्या दिवसापासून मी देनंच सोडलं, बंदच घड्याळ हाती देत होती. आता कायले मिनिटं मोजाची?"

थांबा. पाणी द्या कुणी.

मंडळी, उभे राहा. वासूसाठी गप्प उभं राहू. किती मिनिटं, ते मला विचारू नका. वैनी बसल्या, की आपण बसू. तोपर्यंत कुणी घड्याळ पाहायचं नाही.