मामांचे स्कीचे बूट

आमच्या विंचूरच्या मामांना बर्फावर घसरायची हौस कुठून लागली ते विचारू नका, पण गेल्या हिवाळ्यात मामा, मामी आणि मी गुलमर्गला निघालो. मुक्काम मात्र श्रीनगरला. मामा म्हणाले, "त्र्यंबकला जायचं तर माणूस आधी नाशकात उतरतो का नाय? तसंच हे."

स्कीचे बूट त्यांनी श्रीनगरातच भाड्यानं घेतले आणि सकाळी हॉटेलातच पायात चढवले. मी म्हटलं, "मामा, तिथं पोचल्यावर घाला ना."

"तिथं टाइम कशाला घालवायचा?"

ते बूट म्हणजे पायात दोन लोखंडी बादल्या. घोटा म्हणून वळत नाही. वाटेत टंगमर्गला ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पुढं बर्फ होता, चाकांना साखळ्या लावलेल्या दुसऱ्या गाडीत बसायचं होतं. मामांनी रुबाबात दार उघडलं, एक पाय खाली टेकवला, दुसरा दारातच अडकला आणि मामा सपाट रस्त्यावर आडवे. मनगट मोडलं. गुलमर्ग जेमतेम अर्ध्या तासावर राहिलं आणि आम्ही प्लास्टर घालून श्रीनगरला परत.

नाशिकला आल्यावर द्वारका चौकात मामांच्या ओळखीचे एक कांदा व्यापारी भेटले. हाताकडं बघून म्हणाले, "स्कीइंग करताना पडले का काय?"

मामा गंभीर होऊन म्हणाले, "काय सांगू, लय मोठा उतार होता."

मामी शांतपणे म्हणाल्या, "उतार कसला? हे टॅक्सीतून उतरत होते."