घाटाला फाटक न्हाई

माझं माहेर कामथडीचं. हमरस्त्याच्या कडंला गाव, आता तिथनं गाड्या सुसाट पळत्यात, पर तवा रस्ता लहान व्हता आन् आमी पोरी बांधावर बसून येनारी-जानारी यस्टी बघायचो, तेवढीच आमची करमनूक. बाप शेतकरी, घरात खायला कमी न्हवतं, पर पान्याची लई बोंब. हीर लांब, उन्हाळ्यात तळाला जायची, मंग आत उतरून वाटीवाटीनं हंडा भरायचा आन् वर बायकांची भांडनं, तुजा नंबर का माजा नंबर. त्यामुळं मला स्थळ आलं तवा आईनं पोरगा कसाय इचारलं न्हाई, शेती किती इचारलं न्हाई, आई म्हनली, पानी किती लांब हाय ते सांगा. सोयरीक आननारा मामा म्हनला, अगं आक्के, दारातनं नदी दिसती. झालं, तेवढ्यावर लगीन ठरलं बगा.

हे गाव मार्गासनीच्या पुढं, आत. गावाचं नाव तुमच्या लिवन्यात नका घालू, उगं कुनाला वाईट वाटायचं. नदी गुंजवणी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूबाईंनी, मला घाटावर नेलं. आमच्या घाटाला दगडाच्या पायऱ्या, ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत, आन् पायऱ्यांच्या वर फरसबंद लांबलचक काठ, त्याच्यावर करंजाची झाडं. जुन्या मान्सांनी घरटी एक मानूस देऊन दगड व्हाऊन बांधल्याला, असं आत्याबाई सांगायच्या. मी कामथडीची, म्या एवढं पानी एका जागी कदी बगितलंच न्हवतं. म्या पायरीवर बसले आन् नुसतं वंजळीनं पानी उचलायचं, सोडायचं, उचलायचं, सोडायचं. बाकीच्या बायका हसायला लागल्या. आत्याबाई म्हनल्या, हसू नका गं, पोर तानेली आलीया, तिला खेळू द्या. काय सांगू तुमाला, सासू अशी बोलली म्हनल्यावर मला हितं परकं वाटलंच न्हाई कदी.

घाट म्हंजी आमचं समदंच व्हता. सकाळी धुनं, मंग दुपारी कोन नसायचं तवा आमी बायका केस धुवायचो, सुक-दुक बोलायचो, घरात बोलता येत न्हाई ते घाटावर बोलता यायचं, पान्याचा आवाज असतो ना, कुनाला ऐकू जात न्हाई. बेंदराला बैलं धुवायला आनायचे, शिंगं रंगवायची, पोरं पान्यात आन् बैलंबी पान्यात. उन्हाळ्यात फरशीवर आमी पापड घालायचो, कुरडया घालायचो, आन् सांजच्याला तीच फरशी झाडून म्हातारी मानसं बसायची, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालायची, डाक्टरनं चाल म्हनून सांगायच्या आदीपासनं चालायची. वरच्या धनगरवाड्यावरची ठकूबाई तिची मेंढरं घेऊन उतरायची. कातरायच्या आदी मेंढरं धुत्यात, तर ती एकेक मेंढरू पान्यात ढकलायची आन् आमच्यावर वरडायची, सरका गं बायांनो, माझ्या लेकी अंगूळीला आल्यात. आमी म्हनायचो, तुज्या लेकींचा वास येतो. ती म्हनायची, तुमच्या न्हवऱ्यांपरीस कमीच येतो. आसं हसायचो, आसं हसायचो, पोटात दुखायचं.

आन् तिथंच दहावं. गावात कोन गेलं की दहाव्याला समदी घाटावर. आमचं मालक गेलं तवा, मालक म्हंजी माझं न्हवरं, घात करून गेलं हो, धडधाकट मानूस, शेतातनं आलं, पानी मागितलं आन् पानी आनूस्तवर संपलं. पोरगा माझा एकच, संजू, आन् बापल्योकाचं तवा बोलनं न्हवतं. संजूला शेती करायची न्हवती, त्याला गाड्यांची आवड, आन् मालकाला वाटायचं आपला बांध कोन बघनार. अबोल्यातच मालक गेलं. दहाव्याला पिंड ठिवला तर कावळा शिवंना. करंजावर बसल्यात धा कावळे पर एक खाली येईना. ऊन डोक्यावर आलं. कोन म्हनलं शेताचं सांगा, कोन म्हनलं म्हशीचं सांगा. म्या सांगितलं, तरी न्हाई. मंग म्या पुढं झाले, हात जोडले आन् म्हनलं, तुमच्या पोराला मी कदी अंतर देनार न्हाई, तो कसाबी वागू दे. तर बगा, शब्द तोंडातनं खाली पडंस्तवर कावळा आला. खरं-खोटं देवाला म्हाईत, पर मी ते इसरले न्हाई.

संजू मंग कापूरव्होळला ग्यारेजात लागला. रोज हितनं तिकडं, पावसात, थंडीत, सकाळी भाकरी घेऊन जायचा ते दिस मावळल्यावर यायचा. हातात कला हाय त्याच्या, गाडीचा नुसता आवाज ऐकून सांगतो काय दुखतंय. सूनबी चांगली, कविता, भोरकडची. समदं बरं चाललं व्हतं.

तर मदी काय झालं, पुन्याची मानसं यायला लागली. शनवार-आयतवार गाड्याच गाड्या. कोन गड बघायला, कोन पानी बघायला. आमाला काय, येऊ द्या, पाव्हना हाय, आमी चहा द्यायचो. मंग त्यातलाच एक सायब आला, चांगला मानूस व्हता, खोटं कशाला बोलू, गोड बोलायचा, मला आजी म्हनायचा. तो म्हनला ह्या काठाचं आपन सोनं करू. काठावर दुकानांचे गाळे, एक मोठं हाटेल, पान्यात होड्या, करंजाला रंगीत लाईटी, भवतीनं कुंपन आन् रस्त्याच्या तोंडाला फाटक. पंचायतीनं काठ भाड्यानं द्यायचा, गावाला उत्पन्न. गावातली पोरं लगीच खूश. आन् संजू सगळ्यात खूश.

घरी आला आन् म्हनला, आई, आपल्याला एक गाळा मिळनार, आपल्या दारात ग्यारेज, ते कापूरव्होळचं हेलपाटं बंद. त्याचं तोंड असं उजळलं व्हतं, म्या मालक गेल्यापासनं त्याला असं बगितलं न्हवतं. म्या म्हनलं, चांगलं हाय रं, पर फाटक कशाला? तो म्हनला, तिकीट असनार ना. म्या म्हनलं, मला? तो म्हनला, आगं तुला न्हाई, गाववाल्यांना वळखपत्र देनार, ते दावलं की फुकाट सोडनार. म्या म्हनलं, संजू, मी ह्या नदीवर तुजी दुपटी धुतली, तुज्या बापाचं दहावं तिथं घातलं, आन् आता फाटकावरच्या पोराला दावू का मी कोन हाय ते? तो चिडला. म्हनला, तुमी म्हाताऱ्या मानसांनी आमाला कदी म्होरं जाऊ द्यायचंच न्हाई. आन् जेवला न्हाई. मला वाटलं, झालं, बापाचा अबोला आता माझ्या वाट्याला आला. पर म्या सबूद दिला व्हता ना, तर म्या ताट वाढून ठिवलं आन् त्याच्याम्होरं बसून ऱ्हायले. बोलला न्हाई, पर जेवला.

मंग ग्रामसभा. आमी बायका कदी जात न्हाई, गेलो तर मागं बसतो. सरपंच बाईच हाय आमच्यात, माझीच चुलत पुतनी लागती, शिकल्याली. सायबानं भिताडावर चित्रं दावली, लाईटी, होड्या, कारंजं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्या उठले आन् इचारलं, धुनं कुठं धुवायचं? तर मागनं एक पोरगं म्हनलं, काकू, मशीन घ्या की. समदी हसली. म्या खाली बसले. लई वाईट वाटलं, कारन संजूबी हसला व्हता.

तर तेवढ्यात रामूआन्ना उठले. रामूआन्ना म्हंजी गावातलं सगळ्यात म्हातारं मानूस, सभेत कदी तोंड न उघडनारं. ते म्हनले, सायब, दहावं कुठं घालनार? सायब म्हनला, बाबा, त्याची सोय केलीया, हाटेलाच्या मागं खालच्या अंगाला येगळा कोपरा काढलाय, म्हंजी पाव्हन्यांना दिसायला नको. आन्ना म्हनले, माझा नंबर आता जवळ आलाय. माझा बाप करंजाखाली गेला, भाऊ करंजाखाली गेला, आन् माझा पिंड तुमी हाटेलाच्या मागं, खरकटं टाकत्यात तिथं ठिवनार व्हय? आन् एवढंच बोलून खाली बसले.

आता कोन हसलं न्हाई. ज्या पोरांनी टाळ्या वाजवल्या त्येंच्या बी आजा-आजीचं तिथंच झालेलं ना. सरपंच बाई म्हनली, इषय पुढच्या सभेला घिऊ. पर जागा मोजायची तारीख ठरली व्हती, ती सायबानं काय फिरवली न्हाई.

मोजायचा दिस आला तो नेमका घटस्थापनेच्या आदी. घट बसायच्या आदी घरातलं समदं धुवायचं असतं, गोधड्या, वाकळा, आंथरुनं. आमी काय कट केला न्हाई हां, नंतर पेपरवाला आला व्हता तो म्हनला, तुमी आंदोलन केलं. म्या म्हनलं, न्हाई रं बाबा, गोधड्या धुतल्या. आता एवढं खरं की एरवी एकेक घर एकेका दिशी धुतं आन् त्या दिशी म्या आदल्या सांजच्याला चार घरी सांगून आले, उद्या या गं, पानी चांगलं हाय. आन् त्या चार घरांनी आनिक चार घरी सांगितलं. सकाळी बगती तर गाव लोटलंय. नव्या सुना, म्हाताऱ्या, घरात मशीन असल्याल्या बायकाबी आल्या. पायरीवर गोधडी, फरशीवर गोधडी, करंजावर गोधडी, लाल, निळी, ठिगळाठिगळाची, समदा काठ झाकून गेला. सायबाची मानसं टेप आन् चुन्याची फक्की घिऊन आली तर पाय ठिवायला जागा न्हाई. एकानं फक्कीची रेघ मारली तर वरनं वल्या गोधडीचं पानी आलं आन् रेघ नदीला गेली. सायब म्हनला, आजी, जरा बाजूला घ्या ना. म्या म्हनलं, घेते की बाबा, वाळू द्या. तेवढ्यात वरनं ठकूबाई उतरली मेंढरं घिऊन, तिला कुनी सांगितलं न्हवतं, तिची तीच आली, आन् म्हनती, सरका, माझ्या लेकी आल्या. सायबाच्या गाडीभवती मेंढरंच मेंढरं. बिचारा सायबबी हसायला लागला.

संजू त्या मानसांच्या बाजूला हुबा व्हता. त्यानं ग्यारेजातनं सुट्टी काढली व्हती त्या दिवसापायी. म्या त्याच्याकडं बगितलं न्हाई. माझी थोरली वाकळ व्हती, भिजली की मढ्यावानी जड व्हती ती, आन् वली वाकळ एकट्यानं पिळत न्हाई हो, दोन टोकांना दोन मानसं लागत्यात. कविता लांब व्हती, बाकीच्या आपापल्या कामात. म्या एक टोक पायाखाली दाबून पिळाय बगत व्हते, हात भरून आलं व्हतं. आन् बगती तर दुसरं टोक कुनीतरी उचललं. संजू. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पान्यात उतरला व्हता. आमी पीळ द्यायला लागलो तर म्हनला, आई, उलटा देतीस, माझ्या बाजूनं दे. म्या म्हनलं, तुज्याच बाजूनं दिती बाबा. आन् मला रडायला आलं, पर घाटावर तोंड वलंच असतंय, कुनाला कळलं न्हाई.

पुढच्या सभेत ठरलं की घाटाला आन् काठाला हात लावायचा न्हाई, फाटक करायचं न्हाई, आन् गाळे काढायचेच तर वर यस्टीच्या थांब्यापाशी काढायचे. सायबानं दुसरीकडं जागा बगितली. जाताना मला भेटून गेला, म्हनला, आजी, तुमी हरवलंत मला. म्या म्हनलं, पानी पिऊन जा.

संजूनं थांब्यापाशी पत्र्याचं शेड टाकलं. घाटावर चाललं असतं तेवढं चालत न्हाई, शनवार-आयतवारी गाड्या, बाकी दिस टॅक्टर आन् फटफट्या. कदी कदी त्याला अजून कापूरव्होळला जावं लागतं. गावात अजून म्हनत्यात की इंदूबाईनं, म्हंजी म्या, गावाचं नुसकान केलं. तोंडावर म्हनत्यात. म्या ऐकून घिती. त्येंच्याबी पोरांना काम पायजे, मला काय कळत न्हाई व्हय?

आन् खरं सांगू का, आता घाटावर धुवायला कोन येत न्हाई. घरोघरी मशीनी झाल्या, कवितानंबी घेतली. बैलं ऱ्हायली न्हाईत तर बेंदराला काय धुवायचं, टॅक्टर आनत्यात, हार घालून. ठकूबाईची पोरं पुन्यात कामाला गेली, मेंढरं इकली, ती वरच असती, गुडघ्यानं उतरवत न्हाई तिला. रामूआन्नाचं दहावं मातर करंजाखालीच झालं, आन् कावळा लगीच आला, एवढं समाधान. कदी कदी दुपारची मी एकटीच पायरीवर बसती तर पान्याचा नुसता आवाज येतो आन् त्यात बोलायला कोन नसतं. मंग मला वाटतं, कुनासाठी केलं म्या हे?

पर परवा काय झालं, एक बाई आली, कुठल्यातरी बांधकामावरची, परमुलखातली, भाषाबी येत न्हवती. कडंवर ल्योक. ती आली, हिकडं-तिकडं बगितलं, कुनाला इचारावं का असं तिला वाटलं आसंल. म्या हातानं खूण केली, जा, उतर. ती उतरली, ल्योकाचं तोंड धुतलं, आपले पाय धुतले आन् कितीतरी येळ तशीच बसली. रिकामं आसू दे हो. रिकामं हाय म्हनून तर तिला बसाय मिळालं.

बरं, तुमचं भलं हू दे, एवढ्या लांब आलात, माझी बडबड ऐकून घेतलीत. आता आलाच हाय तर नुसतं वरनं फोटू काढून जाऊ नका, खाली उतरा. चपला हितंच ठिवा, कोन नेत न्हाई. डाव्या अंगानं उतरा, उजवीकडं शेवाळ हाय, आन् खालची पायरी जरा हालती, तिच्यावर सावकाश पाय द्या. जावा, मी हाय हितं बसल्याली.