काकवीच्या नळीनं पन्हाळा चढलेली गाडी

बसा की पावणं, त्या खुर्चीवर बसा, ती पुसलीया, बाकी इथं जिथं टेकाल तिथनं काळं हून उठाल. तर मी मल्लव्वा, गाव नेसरी, आणि आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बायका बी आलो-गेलोच म्हणत्यात, तवा लिवताना दुरुस्त करू नगा, हाय तसं लिवा. आमच्या अप्पाचं, म्हंजे वडलांचं, नेसरीला गुऱ्हाळ हुतं, आणि उसाचा चरक फिरवाय आईल इंजिन हुतं, त्येच्या आवाजावर मी वाढलो. अव्वा, म्हंजे आई, म्हणायची, इंजिन बंद पडलं की ही पोरगी पाळण्यात रडाय लागायची. खरं-खोटं देव जाणं, पर सात-आठ वर्साची असताना मी लांबनं आवाज ऐकून सांगायचो, अप्पा, इंजिनाला दम लागलाय. मग अप्पा हवेची जाळी काढायचा, तर ती चिपाडाच्या भुश्शानं गच्च झाल्याली असायची. अप्पा म्हणायचा, मल्लव्वा, इंजिन म्हंजे पैलवान, नुसता खुराक घालून भागत न्हाय, छाती भरून वारं बी लागतं.

मग लगीन हून कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आलो. मामंजींचं, म्हंजे सासऱ्यांचं, ह्येच गॅरेज, ह्योच पत्रा. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलत्या, घरात बाई म्हंजे मी एकली. सकाळी भाकऱ्या थापायच्या, दुपारी डबा घिऊन गॅरेजात यायचं, मोकळा डबा घिऊन परत जायचं. आता डबा खाईस्तवर उभं ऱ्हायचं म्हंजे कानावर इंजिनं पडणारच की. आणि कानावर पडलं की माझ्या तोंडाला कुलूप ऱ्हात न्हाय. ह्येचा बेल्ट सैल हाय, त्येचा प्लग गेलाय, असं मी बोलायचो, आणि मामंजी लई भडकायचं. बायकांनी पान्याला हात लावला तर गिऱ्हाईक हसंल म्हणायचं, आणि मग चुलीपुढं कोण, मी बसू? आमचं मालक बसाप्पा, लई गुणाचं माणूस, पर नंदीबैल. मी बोललो की मान हलवायचं, मामंजी बोललं की बी हलवायचं.

मला काय पायजे हुतं? सोनं न्हवं, साडी न्हवं. दुपारचं दोन तास हात काळं करायचं हुतं, बस. घरात परातीपुढं बसलो की जीव गुदमरायचा, खोटं कशाला बोलू. स्वयंपाक मला कवाच आवडला न्हाय, आणि माझ्या हातचं मीठ कवाच नीट पडलं न्हाय, ह्ये अख्ख्या पेठेला म्हाईत हाय.

नव्वदच्या पुढचं साल असंल, मुजावर मास्तर म्हणून हायस्कुलातलं मास्तर हुतं, त्येंनी एक जुनी बारकी मोटार घेटली. माणूस लई हौशी. पर गाडी सपाटीला हरीण आन् चढाला म्हातारी. चढ आला की मास्तरांची बायको, आमची भाभी, खाली उतरून पदर खोचून चालाय लागायची, आणि काय सांगू तुम्हाला, गाडीच्या आधी वर पोचायची! आमच्या मालकांनी प्लग बदललं, कार्बोरेटर धुतला, समदं केलं, गाडी काय आयकंना. मी डबा घिऊन आलो, आवाज ऐकला आणि म्हणलं, दम लागलाय तिला. बॉनेट उघडून बघतो तर हवा आत जायाची मूळची नळीच तुटल्याली, आणि उरल्यालं तोंड सायलेन्सरच्या तापल्याल्या लोखंडाकडं. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत कोंडून पैलवानाला जोर काढाय लावल्यागत झालं की ह्ये! मी म्हणलं, म्होरल्या जाळीमागनं गार वारं आणाय पायजे, नवी नळी मिळत नसंल तर मी करतो.

झालं, मामंजींची तार सटकली. रस्त्यावरच्या चार माणसांदेखत म्हणालं, करच तू. पाच माणसं बसवून, तिसऱ्या गिअरात, कुणी बी न उतरता पन्हाळा चढली तर उद्यापासनं पाना तुझा. न्हाय चढली तर जल्मात गॅरेजाची पायरी चढायची न्हाय, डबा बी दुसऱ्याच्या हातनं धाडायचा. मी म्हणलं, व्हय, कबूल. बोलताना बोललो आणि मग ध्येनात आलं. डबा आणायचं निमित्त बी गेलं तर उभा जलम त्या भिंतींत काढायचा.

अप्पाला निरोप धाडला, तुझ्या गुऱ्हाळातली रसाची जाड नळी दे. चरकातनं काहिलीत रस सोडायची नळी, मनगटाएवढी रुंद, वाकवंल तशी वाकायची. अप्पानं गडहिंग्लजच्या यस्टीत कंडक्टरपाशी दिली. मी ती नळावर दोनदा धुतली, माडीवर वाळवली. चहाच्या गाळणीचा दांडा कापला, गाळणीम्होरं स्पंज बशिवला, म्हंजे धूळ आत जायाची न्हाय आन् स्पंजाचा तुकडा बी जायाचा न्हाय. सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरनं क्लिपा. नळीचं तोंड म्होरल्या जाळीमागं जरा खाली वळवून बांधलं. मालक पाना हातात देत ऱ्हायलं आणि मान हलवत ऱ्हायलं. गाडी चालू केली तर काय आवाज! मोकळा, खणखणीत. मास्तर म्हणालं, वैनी, ह्यी माझीच गाडी का?

आयतवारी निघालो. मालक गाडी चालवायला, शेजारी मास्तर, मागं भाभी, मी आन् मामंजी. वाघबीळापास्नं पन्हाळ्याचा घाट सुरू. चढ लागला, तिसरा गिअर, पयलं वळाण गेलं, दुसरं गेलं, मी मनात मल्लय्याला नारळ बोललो, आणि तिसऱ्या वळणावर गाडीनं एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि बसली गप. मामंजी खिडकीतनं बाहीर बघत म्हणालं, चला, भाकऱ्या थापाय. मला रडू आलं. दुःखाचं न्हवं, रागाचं. कारण माझं कान सांगत हुतं की काम बरोबर हाय.

बॉनेट उघडलं आणि वास आला. अवो, आमच्या गुऱ्हाळाचा वास! मधमाश्या भिरभिरत आल्या. स्पंज काढला तर चिकट गोळा. मी बोट लावलं आणि चाटलं, तर काकवी! कोल्हापूरच्या नळाच्या गार पाण्यानं वरवरचा रस गेल्ता, पर चुलाणापाशी वर्षानुवर्षं तापून नळीच्या आत जो थर बसलाय त्यो कसा जाणार? इंजिनाच्या धगीनं त्यो वितळला आन् स्पंजात उतरला, वारं बंद! गुऱ्हाळवाल्याच्या पोरीला ह्ये कळू नये, सांगा! भाभीनं बोट लावलं, म्हणाली, गोड हाय की गं. मास्तरांनी लावलं. मग मामंजींनी बी मागनं हात घालून बोट चाटलं, आणि लई गंभीर तोंड करून म्हणालं, नेसरीची काकवी चांगली असती. आणि पयल्यांदा त्येच हसलं, मग आमी समदी रस्त्यात पोट धरून हसलो.

वळणावर एक मावशी चहाचं खोपाट घालून बसली हुती. तिच्याकडनं उकळतं पाणी घेटलं, नळी सोडवून तीन किटल्या आतनं वतल्या, नितळ पाणी येईस्तवर. स्पंज उकळून पिळला, दगडावर वाळत टाकला, तवर शेंगा खाल्ल्या. नळी परत बांधली, तर मामंजी म्हणालं, अर्ध्यातनं न्हाय, पैज म्हंजे पैज, खालनं सुरवात. पुना वाघबीळाला उतरलो.

आता गाडी चढाय लागली. तिसरा गिअर. भाभी डोळं मिटून पुटपुटत हुती, मी दार धरून बसलो हुतो. शेवटचं वळाण आलं, लई तिरकं, गाडी थरथराय लागली, आवाज जड झाला, आणि मालकांचा हात दुसऱ्या गिअराकडं गेला. तवा मागनं मामंजी वरडलं, बसाप्पा, गिअरला हात लावशील तर हात मोडून ठेवीन! चढतीया ती, चढू दे तिला! पावणं, त्या माणसाचं दोनी हात म्होरल्या सीटवर, गाडी ढकलल्यागत, पैज कुणाची हुती त्येच इसरलं हुतं. आणि चढली की गाडी! वर पोचल्यावर मला हसू आन् डोळ्यांत पाणी एकदम आलं. मामंजींनी समद्यांस्नी झुणका-भाकर आन् दही खाऊ घाटलं.

दुसऱ्या दिशी पहाटं उठून चुलीपाशी गेलो तर मामंजी परातीपुढं बसल्यालं, कोपरापतोर पीठ. म्हणालं, जा गॅरेजात, गिऱ्हाईक येतील, दुपारचा डबा मी आणतो. त्या दिवशीच्या भाकरीला चार कोपरं हुतं, पर आमी मिटक्या मारून खाल्ली. मग शिकलं, लई झ्याक शिकलं, त्येंच्या हातचं वांगं खायाला मास्तर बी मुद्दाम दुपारी यायचं. कोण गिऱ्हाईक हसलं की मामंजी डबा खाली ठेवायचं आन् इचारायचं, तुमची गाडी पन्हाळा कुठल्या गिअरात चढती?

आता गाड्या बदलल्या, कार्बोरेटर गेलं, कॉम्प्युटर आलं, पर वारं सगळ्यांस्नीच लागतंय. मालक अजून मान हलवत्यात, पर आता एकाच बाजूला. मामंजी गेल्या साली गेलं. आजारात मी त्येंना चमच्यानं पेज भरवाय बसलो, त्येंनी एक घोट घेटला, तोंड वाकडं केलं आणि म्हणालं, पोरी, मीठ लई झालंय, तू आपली गाड्याच बघ. मी हसलो, त्येंनी बी हसून माझा काळा हात धरून ठेवला, पेज गार होईस्तवर.

तुमास्नी पोरगी हाय म्हणलासा न्हवं? तिला असा सासरा मिळू दे पावणं, आणि त्येच्यासंगं भांडाय बी मिळू दे.