पुदिन्याचा रोजचा फोटो

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर टोपीवाले काका आणि गालाला रुमाल लावलेल्या एक बाई बोलत होते, तिकडेच त्यांचे कान लागले.

“बायको चार महिने लेकीकडे गेली आणि गच्चीवरच्या कुंड्या माझ्या गळ्यात पडल्या.”

“जगल्या का?”

“गवती चहा तगला. टोमॅटो इतके आले की चार बरण्या जॅम केला. पुदिना मात्र गेला.”

“पाणी कमी पडलं असेल.”

“जास्त झालं. तिला सकाळी पुदिन्याचाच चहा लागतो हो. रोज फोटो मागते.”

“मग काय पाठवता?”

“बाजारातून जुडी आणतो, कुंडीत खोचतो आणि फोटो काढतो.”

रुमालवाल्या बाईंना हसू आवरेना. “आणि त्या येणार कधी?”

“उद्या.”

“मग आता सांगूनच टाका.”

तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

“अगं, ऐक. तो पुदिना बाजारातला आहे.” मग काका बराच वेळ नुसतेच हं हं करत राहिले.

“रागावल्या?” फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं.

“तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्या पुदिन्याची पानं गोल होती म्हणे.”

“मग रोज फोटो कशाला मागायच्या?”

“डॉक्टर चालायला सांगून थकले होते. फोटोपायी मी रोज बाजारापर्यंत चालत जायचो.”

“आता सुटलात.”

“कसला सुटतोय? रोप ती येताना आणतेय, त्याला हात लावायची मला बंदी. जुडी मात्र रोज आणायचीच.”