खारीक चटईवर का जाऊन बसते

विश्वास ठेवायचा तरी कुणावर, सुयशराव — नातीच्या दंडावरच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरवर की कुत्रीवर? तुम्ही ट्रेनर, तुम्ही म्हणणार कुत्रीवर. पण आत्ता तुमच्याच डोळ्यांसमोर काय झालं? आमच्या दियाची शुगर उतरली होती तेव्हाच्या घामाचा कापूस तुम्ही डबीतून काढलात, या कुत्रीला, खारकेला हुंगवलात. तिने माझ्या गुडघ्यावर पंजा मारायला हवा होता, मी उठेपर्यंत. तिने काय केलं? माझ्याकडे एकदा बघितलं आणि गुपचूप त्या चटईवर जाऊन पडली. आता मुकं जनावर, वय होतं, उन्हाळा बाधतो — बसा ना, बसा, साडेचारपर्यंत शटर खालीच असतं. सुलेमानी चहा सांगतो, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. नातीला हा डायबेटीस लागला तेव्हापासून दुकानात साखर बंद — म्हणजे ज्यूस असतो ड्रॉवरमध्ये, तिच्यासाठी. आपल्याला नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. इचलकरंजीहून इथं आखातात आलो, याच मीना बाजारात डोक्यावर गठ्ठे वाहिले, मल्याळम शिकलो, अरबी शिकलो, सगळं गिऱ्हाइकाच्या तोंडून. आमचे शेठ काय करायचे माहितेय? एका बाईंच्या साडीचा रंग गेला, भर दुकानात आरडाओरडा. शेठनी वाद घातला नाही. ब्लाउजपीस त्यांच्या हातावर ठेवला, बहेनजी बैठिए म्हणाले. बाई गार. वर दुसरी साडी घेऊन गेल्या. तेव्हा शिकलो — आवाज चढला की हातावर काहीतरी ठेवायचं. चाळीस वर्षं त्याच्यावर पोट भरलं माझं.

कुत्रीचं? येतो ना तिच्यावरच. मुलगा उपेंद्र, सून हेमा, दोघं नोकरीला, घर इंटरनॅशनल सिटीत, मी एकटा इथं वरच्या खोलीत. दियाला शाळेची बस अडीचला इथं सोडते, कुत्रीला सकाळी उपेंद्र सोडून जातो. शटर अर्धं ओढून आम्ही दोघं डबा खातो — किती चपात्यांना किती युनिट इन्सुलिन ते ती मला शिकवते, चुकलो की डोळे वटारते, अकरा वर्षांची पोर! मग साडेचारला शटर उघडलं की ती पडद्यामागे अभ्यासाला आणि मी गादीवर. आता गिऱ्हाइकाचं असं — निम्म्या बायका कुत्रं दिसलं की अबाया आवरून, ला ला, नको नको करत दारातूनच माघारी. त्यांची चूक नाही, त्यांची रीत आहे. म्हणून मी आपला खिशात चीजचा तुकडा ठेवायचो. नखाएवढा हो. ती पंजा मारायला आली की हळूच म्हणायचं, जा, चटई. गेली की तुकडा. रोज नाही! गिऱ्हाईक असलं तरच. आणि लगेच आत जाऊन दियाला बघायचोच की, ज्यूस द्यायचो. सुरुवातीला लगेच. मग — गिऱ्हाईक निघालं की. पाच मिनिटांनी काय होतंय — असं बघू नका माझ्याकडे.

गुरुवारी शारजाहून लग्नाची माणसं आली होती. चौदा साड्या काढल्या बाजूला, साडेचार हजार दिरहमचा माल, म्हणजे आपले लाखाच्या वर. नवऱ्याची आई घासाघीस करण्यात पक्की, मी पण पक्का, दोघांनाही मजा येत होती. पाच वाजून गेले असतील. खारीक पडद्यातून आली. पंजा उचलला तिने, सुयशराव, उचलला — पण मारला नाही. माझा हात खिशाकडे गेलासुद्धा नव्हता. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आपली आपणच वळली, चटईवर जाऊन बसली आणि वाट बघत राहिली. आणि मी उठलो. जाऊन तुकडा दिला. शहाणी गं माझी, म्हटलं. आणि परत साड्यांपाशी.

सेन्सर? त्याचा फोन दप्तरात, बॅटरी मेलेली. फोन मेला की हेमाच्या फोनवरही इशारा जात नाही. तो शेजारचा गनी टेलर मापाची टेप शोधत आत गेला म्हणून कळलं. त्याने पडदा सारला, पोर वहीवर डोकं टेकून. मला वाटलं झोपली. झोपलेल्या मुलाला एवढा घाम येत नाही हो. गनीने मांडीवर घेतलं, मी हिरडीला साखरेचं जेल चोळतोय. ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात डोळे उघडले तिने. मराठी सगळं कळतं तिला, बोलते इंग्लिशच. पहिलं वाक्य काय? “आजोबा, डिड शी टेल यू?”

हेमा उशाशी उभी होती.

मी म्हटलं, “नो.”

तेवढंच. एक शब्द. त्याच्यावरूनच हेमाने तुम्हाला फोन केला ना — कुत्री कामाची राहिली नाही, घेऊन जा म्हणून? चार दिवस झाले, दिया तिच्याशी बोलत नाही, तोंड फिरवून बसते, आणि ही खोलीच्या दाराशी पडून राहते म्हणे. मी यस म्हटलं असतं तर? तर दिया उद्यापासून बसमधून इथं उतरली असती का? कुठल्या तोंडाने हेमा पाठवेल? बायको जाऊन पाच वर्षं झाली, सुयशराव. अडीच ते साडेचार, तेवढंच आहे माझ्या दिवसात. बाकी कापड.

मघापासून पेन तसंच धरून बसलायत. त्या कागदावर रकाना आहे ना, कुत्रीने इशारा दिला का? दिला. लिहा. कुणाला? गुणवंत, मुलीचे आजोबा. वेळ पाच-सव्वापाच. पुढे काय केलं, तेही लिहा. चीज दिलं, शाबासकी दिली, साड्या विकल्या. आणि दियाला काय सांगितलं ते खाली वेगळं लिहा, रकाना नसला तरी. माझ्या वयाकडे बघून एक अक्षर गाळू नका. सुधारेल म्हणता ती? इन्शाल्ला. पट्टा मात्र तिथंच टांगलेला राहू दे, हेमाने कागद वाचल्याशिवाय कुत्रीला न्यायचं नाही. आता बोलणं खलास. माझ्याकडे बघू नका, खाली बघा. खरं ते लिहा, आणि जाताना शटर ओढून घ्या.